सव्वादोन क्विंटल बोंडांतले नऊ मिलिग्रॅम

पैनगंगेच्या अलीकडे झरी जामणी तालुका, पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. दोन्ही काठांवर कपाशी, आणि दोन्ही काठांवर भाद्रपदातली धास्ती एकच. झड लागते. चार-पाच दिवस सूर्याचं दर्शन नाही, काळ्या रानात पाणी तुंबलेलं. उघडीप मिळाल्यावर माणूस बांधावरून आत शिरतो, तर पऱ्हाटीच्या ओळींमध्ये हिरवी पाती गळून पडलेली. पातं म्हणजे कपाशीची कळी, तीन दातेरी हिरव्या पानांच्या आवरणात झाकलेली. तिचं फूल व्हायचं असतं, फुलाचं बोंड, बोंडाचा कापूस. यातलं काहीच न होता ती चिखलात.

ही पाती हातात घेऊन नीट पाहिली तर दोन प्रकार दिसतात. काहींना भोक असतं. ती अळीची करामत. पण बरीचशी धडधाकट असतात. ना भोक, ना सड, ना ओरखडा. देठाचं टोक गुळगुळीत, एकही रेषा लोंबत नसलेलं. वाऱ्यानं मोडलेल्या फांदीला असं टोक कधी येत नाही. ही पाती तुटलेली नाहीत. झाडानं ती सोडून दिली आहेत.

देठाच्या बुडाशी पेशींचे काही मोजके थर खास याच कामासाठी असतात. इशारा मिळाला की त्या पेशी विकरं पाझरवतात, दोन पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं, आणि पातं स्वतःच्या वजनानं खाली येतं. चांगल्या सालातही कपाशी आपली निम्म्याहून अधिक पाती आणि कोवळी बोंडं अशी सोडून देते. पोसता येतील तेवढीच ठेवायची, हा तिचा रिवाज. झडीत ऊन नाही म्हणून अन्न कमी, आणि मुळाशी पाणी तुंबल्यामुळे हवा कमी. मग गळ वाढते.

पण झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, धडधडणारं काळीज नाही. मुळाचा श्वास कोंडला ही खबर हातभर वरच्या देठाला कोण देतं? आणि ‘सोड’ असा हुकूम नेमका त्या मोजक्या थरांपर्यंत कसा पोचतो? उत्तर एका वाक्यात मावतं: रेणूंमार्फत. त्यांना वनस्पतींची संप्रेरकं म्हणतात. आश्चर्याची खरी गोष्ट या उत्तराच्या पुढे सुरू होते, कारण हे रेणू झाडात इतके विरळ असतात की ते आहेत हे सिद्ध करायलाच माणसाला पिढ्या लागल्या. आणि त्यांतला एक मोठा रेणू पहिल्यांदा हाती लागला तो कपाशीच्या बोंडातून.

सरकीच्या दाण्याचा दहावा भाग

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात फ्रेडरिक अ‍ॅडिकॉट हे वनस्पतिशास्त्रज्ञ नेमका पातेगळीचाच माग काढत होते. त्यांचा अंदाज असा, की कोवळं बोंड गळतं तेव्हा त्याच्यात गळ घडवणारा काहीतरी पदार्थ असणार. त्यांचे सहकारी ओहकुमा आणि इतरांनी काही दिवसांची कोवळी बोंडं गोळा केली. किती? २२५ किलो, म्हणजे सव्वादोन क्विंटल. ती वाटून, द्रावकात भिजवून, अर्क पुन्हा पुन्हा शुद्ध करत शेवटी त्यांच्या हाती शुद्ध स्फटिक आले ९ मिलिग्रॅम. सरकीच्या एका दाण्याचा जेमतेम दहावा भाग. १९६३ साली हा शोध प्रसिद्ध झाला आणि पुढे त्या पदार्थाला अ‍ॅबसिसिक आम्ल हे नाव मिळालं.

अडीच कोटी भाग बोंडातून एक भाग. हा पदार्थ रंगानं ओळखता येत नव्हता, वासानं नाही, आणि तो शोधणारं यंत्रही तेव्हा नव्हतं. मग अर्कातल्या कोणत्या हिश्श्यात तो आहे हे कळायचं कसं? इथं त्यांनी कपाशीलाच विचारलं. कपाशीच्या कोवळ्या रोपाची पहिली पानं कापायची, देठाची खुंटी तेवढी ठेवायची, तिला अर्काचा एकेक हिस्सा लावायचा आणि वाट पाहायची. ज्या हिश्श्यानं खुंटी लवकर गळेल तो हिस्सा पुढच्या शुद्धीकरणाला घ्यायचा, बाकी बाजूला ठेवायचे. प्रत्येक पायरीला हेच.

आणि त्या पायऱ्या कशाच्या? क्रोमॅटोग्राफीच्या. मराठीत तिला वर्णलेखनही म्हणतात.

जो रेंगाळतो तो मागे राहतो

आठवडी बाजाराच्या एका टोकातून शंभर माणसं एकाच वेळी आत सोडली आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही घड्याळ घेऊन उभे राहिलात, असं समजा. ज्याला काही घ्यायचं नाही तो सरळ चालत पाच मिनिटांत बाहेर येईल. ज्याची प्रत्येक दुकानदाराशी ओळख आहे तो दर पावलाला थांबेल आणि तासाभरानं उगवेल. कोणाचा चेहरा न पाहता, नुसत्या वेळेवरून तुम्हाला माणसांची वर्गवारी करता येईल. क्रोमॅटोग्राफीचं तत्त्व एवढंच. एका नळीत बारीक भुकटी ठासून भरायची, वरून मिश्रण सोडायचं आणि द्रावक वाहता ठेवायचा. भुकटीला चिकटू पाहणारे रेणू मागे राहतात, द्रावकात रमणारे पुढे निघतात.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, वॉर्सामध्ये असताना, खडूच्या भुकटीनं भरलेल्या काचेच्या नळीत पानांचा अर्क ओतला. एकसारखा हिरवा दिसणारा अर्क खाली उतरता उतरता हिरव्या आणि पिवळ्या पट्ट्यांमध्ये विभागला गेला. पानात एक हिरवा रंग नसून अनेक रंगद्रव्यं आहेत, हे डोळ्यांना दिसलं. नंतर आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ मध्ये या तत्त्वाला नवी दिशा दिली आणि १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्याच वर्षी मार्टिन यांनी अँथनी जेम्स यांच्यासोबत वायूच्या प्रवाहानं पदार्थ वेगळे करण्याची रीत, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, प्रसिद्ध केली.

आजच्या प्रयोगशाळेतला कॉलम बोटभर ते वीतभर लांबीची पोलादी नळी असतो, आतला व्यास काही मिलिमीटर. आत सिलिकाचे गोल कण, दोन ते पाच मायक्रॉनचे, आणि प्रत्येक कणावर अठरा कार्बनच्या साखळ्यांचं तेलकट अस्तर. कण इतके बारीक की त्यांतून द्रावक नुसता ओतून जात नाही. पंपानं वातावरणाच्या शेकडो पट दाब द्यावा लागतो. अ‍ॅडिकॉट यांच्या काळात रेणू वेगळे करायच्या ज्या कामाला महिने लागले, ते इथं काही मिनिटांत होतं.

नाव गळतीचं, काम दुष्काळाचं

अ‍ॅबसिसिक आम्ल सापडलं खरं, पण पुढची काही वर्षं गंमतीची गेली. ते मोजता येऊ लागलं तसं लक्षात आलं, की पातं सोडण्याचा मुख्य हुकूम त्याचा नाहीच. तो हुकूम इथिलीन या साध्या वायूचा. अढीत आंबे पिकवतो तो हाच. देठाच्या बुडाच्या पेशींना विकरं पाझरायला लावतो तो इथिलीन. बोंडाकडून ऑक्सिन नावाचं दुसरं संप्रेरक त्या थराकडे वाहत असतं, तोवर त्या पेशी इथिलीनला दाद देत नाहीत. ऑक्सिनचा ओघ आटला आणि इथिलीन वाढला की पातं गेलं. पाणी तुंबलेल्या मुळांमध्ये इथिलीनचा कच्चा माल तयार होतो आणि रसाबरोबर वर चढतो; झडीनंतरची गळ वाढण्याचं एक कारण हे.

अ‍ॅबसिसिक आम्लाचं मोठं काम वेगळंच निघालं. पावसानं दडी मारली, जमीन भेगाळू लागली की पानांत हे आम्ल अनेक पटींनी वाढतं आणि पानांवरची सूक्ष्म रंध्रं मिटवतं. पाण्याची वाफ थांबते. कोरडवाहू पऱ्हाटी पावसाच्या खंडात तग धरते त्यात या रेणूचा मोठा वाटा आहे. गळतीचा आरोपी म्हणून पकडलेला रेणू दुष्काळातला रक्षक ठरला.

म्हणजे संप्रेरक कोणतं हे कळून भागत नाही. ते किती आहे, कोणत्या पेशीत आहे, कधी पोचलं, यावर त्याचा अर्थ ठरतो. म्हणून मोजणं आलं. आणि अख्ख्या झाडात मोजायला गेलं की गोंधळ उडतो: ऊन बदलतं, वारा लागतो, तुडतुडे रस शोषतात, मुळाशी बुरशा असतात. प्रत्येकाची खबर त्याच रेणूंत मिसळलेली. त्या गलक्यातून एक आवाज वेगळा काढायचा तर पेशींना झाडापासून वेगळं करून काचेत वाढवावं लागतं.

काचेत उगवलेला कापूस

ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि चिमूटभर संप्रेरकं घातलेल्या निर्जंतुक द्रावणात वनस्पतीच्या पेशी वाढतात. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये दिलेली द्रावणाची कृती जगभर अजून वापरात आहे. फ्लास्क शेकरवर दिवसरात्र गोल फिरत असतो आणि आत पेशी तरंगत असतात. त्यांना ना ऊन, ना अळी, ना झड. तुम्ही जे द्याल तेवढंच त्यांना मिळतं. अशा वेळी एकच गोष्ट बदलली आणि एखादं संप्रेरक वाढलं, तर कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

कपाशीच्या बाबतीत तर याहून नवल आहे. कापसाचा एकेक तंतू ही एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची एक पेशी फूल उमलण्याच्या दिवशी फुगायला लागते आणि लांबत लांबत अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत जाते. जाडीच्या हजारपटीहून जास्त. एका सरकीवर असे हजारो तंतू. आपण अंगात घालतो तो सदरा म्हणजे अशा सुकलेल्या पेशींचं विणकाम. सत्तरच्या दशकात अमेरिकेत बीझली आणि टिंग यांनी कपाशीच्या फुलातली बीजांडं, म्हणजे होऊ घातलेल्या सरक्या, निर्जंतुक करून द्रावणावर तरंगत ठेवली. ऑक्सिन आणि जिबरेलिन ही संप्रेरकं दिल्यावर त्या बीजांडांवर काचेतच तंतू उगवले. अ‍ॅबसिसिक आम्ल दिलं की वाढ खुंटली. परागीभवन न झालेल्या बीजांडांवरसुद्धा संप्रेरकांच्या जोरावर कापूस धरला.

आणि २००६ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी याच पद्धतीनं वेगळाच प्रश्न विचारला. तरंगती बीजांडं इथिलीन सोडतात का? सोडतात, गॅस क्रोमॅटोग्राफीनं तो मोजता येतो. त्यांनी बाहेरून इथिलीन दिला तेव्हा तंतू जोमानं लांबले. इथिलीन बनू न देणारं रसायन दिलं तेव्हा तंतूंची वाढ अडली. देठाच्या बुडाशी जो वायू ‘सोड’ म्हणतो, तोच काही सेंटिमीटरवर, बोंडाच्या आत, ‘वाढ’ म्हणतो. रेणू तोच, दोन कार्बन आणि चार हायड्रोजनचा. ऐकणारी पेशी वेगळी.

जड जुळ्याची युक्ती

वायू मोजणं त्यातल्या त्यात सोपं. पेशींच्या आत विरघळलेली संप्रेरकं मोजताना हात कसे चालतात ते पाहण्यासारखं आहे.

फ्लास्कमधल्या पेशी गाळून लगेच उणे १९६ अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात. घाई असते, कारण पेशींना इजा झाली की काही मिनिटांत जास्मोनिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढू लागतं; उशीर केला तर पेशींची मूळ अवस्था राहते बाजूला आणि आपण दिलेल्या त्रासाचीच मोजणी होते. गोठलेल्या पेशी खलात कुटतात, त्यांची पिठासारखी पांढुरकी भुकटी होते. तिच्यावर थंडगार मिथेनॉल. आणि इथंच, अगदी सुरुवातीला, त्यात एक पाहुणा मिसळतात: अ‍ॅबसिसिक आम्लाचाच रेणू, पण त्यातल्या सहा हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, बसवलेला. वागणुकीत जवळपास हुबेहूब, वजनानं सहानं जास्त. तो किती घातला हे नेमकं माहीत असतं.

पुढच्या प्रत्येक पायरीत थोडा माल सांडतो. गाळताना जातो, सुकवताना जातो, नळीच्या काचेला चिकटून राहतो. पण जेवढ्या प्रमाणात मूळ रेणू वाया जातो तेवढ्याच प्रमाणात त्याचा जड जुळाही. शेवटी दोघांचं गुणोत्तर कायम राहतं. जुळा किती घातला होता ते ठाऊक असल्यानं मूळ किती होता ते काढता येतं. वाटेत किती हरवलं याचा हिशेब न ठेवता हिशेब जुळवणारी ही युक्ती मला या साऱ्या शास्त्रातली सर्वांत देखणी वाटते.

शुद्ध केलेल्या अर्काचे काही मायक्रोलिटर कॉलममध्ये जातात. पलीकडून ठरलेल्या मिनिटाला बाहेर येणारे रेणू वस्तुमानमापक यंत्रात शिरतात. तिथं त्यांना विद्युतभार देऊन त्यांचं वजन केलं जातं: अ‍ॅबसिसिक आम्लाचं २६३. मग त्याच रेणूला फोडून तुकड्याचं वजन करतात: १५३. जड जुळ्याचं आधी २६९, मग १५९. ठरलेली वेळ, अख्ख्याचं वजन आणि तुकड्याचं वजन, तिन्ही जुळले तरच ओळख पटते. ऑक्सिन, जास्मोनिक आम्ल, सॅलिसिलिक आम्ल यांचेही असेच ठरलेले आकडे आहेत, आणि एकाच धावेत सगळे मोजता येतात. एका ग्रॅम पेशींत हे रेणू नॅनोग्रॅममध्ये असतात, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांशांत. सव्वादोन क्विंटल बोंडांची गरज संपली. आता चिमूटभर पेशी पुरतात.

वीस मिलिग्रॅमचं गणित

इतक्या बारकाव्यानं मोजून करायचं काय, असं वाटत असेल तर कृषी केंद्राच्या फळीवर पाहावं. पातेगळ रोखायला शेतकरी फवारतात ते नॅप्थील अ‍ॅसेटिक आम्ल हे माणसानं बनवलेलं ऑक्सिन आहे. दर लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम एवढ्या विरळ द्रावणानं काम होतं. सफरचंदाच्या बागांमध्ये हेच रसायन फुलोरा संपल्यावर फवारतात ते जादा फळं गळावीत म्हणून, आणि काढणीच्या तोंडावर फवारतात ते फळं गळू नयेत म्हणून. वेळ बदलली की हुकूम उलटा.

दुसरी बाटली २,४-डी या तणनाशकाची. हेही ऑक्सिनचंच सोंग. प्रयोगशाळेत लिटरमागे एखाद-दोन मिलिग्रॅम इतकं घातलं की पेशी विभागत राहतात. संवर्धनाचं कितीतरी काम त्याच्यावर चालतं. शेतात त्याची मात्रा रुंद पानांच्या तणांना मारते. आणि कपाशी त्याला विलक्षण हळवी. शेजारच्या धुऱ्यावर फवारलेल्याचा वाऱ्याबरोबर आलेला अंश, किंवा नीट न धुतलेल्या पंपातला उरलेला थेंब, एवढ्यानं पऱ्हाटीची पानं आकसून भेंडीच्या पानांसारखी बोटाळ होतात. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे चित्र अनोळखी नाही. काचेत जो रेणू पेशी जगवतो तोच रानात पीक वाकडं करतो, आणि दोन्हींच्या मध्ये फक्त मात्रेचा फरक असतो.

बाटलीत फुललेला कटांग

संप्रेरकांची ही ताकद कपाशीपुरती नाही. झरी जामणीत कपाशी सपाट रानात, आणि टेकड्यांच्या बाजूला साग आणि बांबू. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे पाड्यांवर, टोपल्या आणि सुपं विणणारे हात पिढ्यानपिढ्यांचे. बांबूचं वागणं त्यांच्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही: तो वर्षानुवर्षं नुसता वाढतो, मग एकदाच जंगलभर फुलतो, बी धरतो आणि मरतो. कटांग बांबूला त्या फुलोऱ्यापर्यंत तीस-चाळीस वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, ए. एफ. मस्करेन्हस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कटांग आणि आणखी एका जातीच्या बांबूची कोवळी रोपं ऊतीसंवर्धनात वाढवली. द्रावणात नारळाचं पाणी आणि सायटोकायनिन गटातलं एक संप्रेरक होतं. काही महिन्यांतच त्या इवल्या कोंबांना बाटलीत फुलं आली आणि बीही धरलं. १९९० मध्ये हे काम ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ चकित झाले. माणसाच्या अर्ध्या आयुष्याइतका लांब चालणारा बांबूचा काळ काही थेंबांच्या निरोपानं महिन्यांवर आला होता.

नारळाच्या पाण्यात असं काय असतं, हा प्रश्न १९४१ पासून शास्त्रज्ञांना छळत होता, कारण तेव्हाच ते धोत्र्याच्या भ्रूणांना काचेत वाढवतं हे लक्षात आलं होतं. डेव्हिड लेथम यांनी १९६३ मध्ये मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून झिएटिन हे सायटोकायनिन वेगळं काढलं, आणि १९७४ मध्ये त्याचाच भाऊबंद नारळाच्या पाण्यात दाखवला. देवळात फोडलेल्या नारळातून आपण तळहातावर घेतो त्या पाण्यात पेशींना विभागायला सांगणारा रेणू असतो.

बेचाळीस वर्षं अर्थाविना

कपाशीनं शास्त्राला दुसरा एक रेणूही दिला, आणि त्याची कथा या मोजणीची मर्यादा आणि मौज दोन्ही सांगते. ज्वारीच्या रानात टारफुला उगवतो. ज्वारीच्या मुळांना चिकटून तिचा रस पिणारं तण. त्याचं बी धुळीच्या कणाएवढं, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि जवळ मूळ आल्याची रासायनिक चाहूल लागल्याशिवाय रुजत नाही. १९६६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी ही चाहूल देणारा रेणू शुद्ध केला, तोही कपाशीच्या मुळांतून पाझरलेल्या पाण्यातून. नाव दिलं स्ट्रिगॉल. गंमत म्हणजे टारफुला कपाशीवर जगू शकत नाही. तिच्या हाकेला ओ देऊन रुजतो आणि उपाशी मरतो.

मग कपाशी स्वतःच्या कष्टाचं रसायन मातीत का सांडते? याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. २००५ मध्ये कळलं की ही हाक मुळांना स्फुरद पुरवणाऱ्या उपकारक बुरशीसाठी आहे. टारफुला चोरून ऐकतो. आणि २००८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की याच घराण्यातले रेणू झाडाच्या आतही फिरतात आणि फांद्या किती फुटाव्यात हे ठरवतात. शुद्ध रेणू हाती होता, त्याचं वजन ठाऊक होतं. ते झाडाचं संप्रेरक आहे हे कळायला बेचाळीस वर्षं गेली.

आज कपाशीच्या पेशींचा अर्क यंत्रात सोडला की पडद्यावर ओळखीच्या चार-सहा शिखरांबरोबर बिननावाची शेकडो शिखरं उमटतात. त्यांतली बरीचशी पेशीची साधी कामाची रसायनं असतील. पण एखाददुसरं कोणाला तरी काहीतरी सांगत असेल. कोणाला आणि काय, हे नुसत्या शिखराच्या उंचीवरून कळणार नाही. त्यासाठी तो रेणू वेगळा काढून, जिवंत पेशींना पुन्हा देऊन, त्या काय करतात ते पाहावं लागेल. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या पोरापोरींना पुरून उरेल एवढं काम त्या पडद्यावर पडलेलं आहे.